नाश्त्याची पाहणी

हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, धड उजाडलंही नव्हतं तेव्हा, लेकीला झोपेत पाव भाजल्याचा वास आला आणि ‘बाबा उठले वाटतं’ एवढंच तिच्या मनात आलं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. हे तिला ठाऊक होतं, पण तिच्या झोपेला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे ती डोळे न उघडता पडून राहिली. आधी लोणी वितळल्याचा वास, मग पावाची कड तांबूस होत आल्याचा, आणि त्या दोन्हींच्या मागे तापलेल्या लोखंडाचा, थोडासा कापडासारखा, दुकानासारखा वास. डोळे उघडले की तो जाणार हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिने पांघरूण नाकापर्यंत ओढलं आणि तो वास पुरवून पुरवून घेतला.

पाव इस्त्रीवर भाजणे हा त्यांच्या घरचा स्वतःचा शोध होता.

बाबा शिंपी होते. लोकांचे कोट शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लावून ते बायको-मुलीला कुठेतरी चार दिवस घेऊन जायचे, तेव्हा बॅगेच्या तळाशी दुकानातली लहान इस्त्री असायची. जाड बुडाची, तापायला वेळ घेणारी आणि निवायला त्याहून जास्त. हॉटेलच्या नाश्त्यावर बाबांचा विश्वास नव्हता. खोलीचे पैसे वेगळे आणि नाश्त्याचे वेगळे, हे त्यांच्या पचनी पडत नसे. “कोट शिवून दिला आणि म्हणालो, बाह्या हव्या असतील तर जास्त पडतील, तर गिऱ्हाईक जोड्याने मारेल मला,” असं ते म्हणायचे.

मात्र माणूस न्यायी. न बघता नावं ठेवणं त्यांना जमत नसे. पहिल्या सकाळी ते आंघोळ करून, भांग पाडून, स्वतःसाठी शिवलेला एकुलता एक राखाडी कोट चढवायचे आणि “जरा पाहणी करून येतो” म्हणून खाली उतरायचे.

“पाहणीला कोट कशाला?” आई विचारायची.

“हॉटेलवाल्यांशी बोलायचं म्हणजे अंगावर कोट लागतो.”

बऱ्याच वेळाने ते वर यायचे आणि दारातूनच निकाल सांगायचे. “काही अर्थ नाही. चहा पांचट. पाव कालचा. अंडी बरी आहेत, पण मीठ कमी.” मग कोट काढून नीट टांगायचा, टेबलावर टॉवेल अंथरायचा, लोणी आणि चीज लावलेला पाव चकचकीत कागदात गुंडाळायचा आणि वर इस्त्री टेकवायची. पाव झाला हे ते आवाजावरून ओळखायचे. आई आणि लेक पलंगावर मांडी घालून खायच्या. बाबा खात नसत. “मला सकाळचं जात नाही,” म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट, पुन्हा पाहणी. “आज सुधारलाय का बघून येतो.” तो कधीही सुधारलेला नसे.

लेक मोठी झाली, नोकरीला लागली, कामानिमित्त गावोगाव फिरली, आणि हॉटेलात नाश्त्याचा विषय निघाला की बरोबरच्यांना ठासून सांगू लागली, “पैसे वाया. काही अर्थ नसतो त्यात.” तिने स्वतः तो कधीही चाखला नव्हता. चाखायची गरजच काय? घरात रीतसर पाहणी झालेली होती.

या खेपेला मात्र तिने घरचा नियम मोडला होता. बाबा गेल्यापासून आई ओट्याशी उभ्याउभ्या खायची. ताट वाढून घ्यायची नाही, बसायची नाही. भांडी आवरता आवरता उरलंसुरलं तोंडात टाकायची आणि ‘झालं माझं’ म्हणायची. लेक किती दिवस मागे लागली तेव्हा कुठे ती या प्रवासाला तयार झाली. मग लेकीने खोलीच्या पैशांबरोबर दोघींच्या नाश्त्याचेही पैसे गुपचूप भरून टाकले. आईला पांढऱ्याशुभ्र कापडाच्या टेबलाशी बसवायचं, तिने स्वतः न केलेलं काहीतरी तिच्यापुढे ठेवायचं, आणि ती ते बसून, संपेपर्यंत खाते का बघायचं. या प्रवासाकडून तिचं एवढंच मागणं होतं. आईला सांगायचं ते सकाळी जिना उतरताना. आधी सांगितलं असतं तर आईने गाडीतच पाऊल ठेवलं नसतं.

आईनेही एक गोष्ट गुपचूप केली होती. तिने बॅगेत इस्त्री घेतली होती. पाव, लोणी, चीज आणि चकचकीत कागद घेतला होता. बाबांचा राखाडी कोटही घेतला होता, ‘थंडी असली तर’ म्हणून. हॉटेलातली सकाळ इस्त्रीच्या पावाशिवाय लेकीला सुनी सुनी वाटेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अडचण एवढीच होती की दुकानात तिच्याकडे काजं-बटणं असायची; इस्त्रीला बाबांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. आवाजावरून पाव ओळखायची विद्या तिच्याकडे नव्हती. तिने पाव कागदावर नुसताच ठेवला, वर इस्त्री टेकवली आणि थांबायचं म्हणून खिडकीशी गेली. बाहेर धुकं होतं. बागेतले दिवे खांबांशिवायच हवेत तरंगत होते. कुठूनतरी सायकलची घंटी वाजली. सायकल काही दिसली नाही. आई बघत उभी राहिली. तेव्हा तिच्या मनात काय आलं, हे तिने पुढेही कधी सांगितलं नाही.

अशा रीतीने एकजण खिडकीत आणि एकजण पांघरुणात, दोघीही त्या खोलीत नव्हत्या. पाव तेवढा होता. तो तांबूस झाला, तपकिरी झाला आणि काळा पडायला लागला.

करपल्याचा वास आला तसं ‘बाबांचं आज लक्ष नाही’ असं लेकीच्या मनात आलं, आणि त्याच विचाराने तिला खडबडून जाग आली. बाबांनी पाव कधी करपवला नव्हता.

“आई! धूर!”

“अगं बाई!” आई खिडकीतून वळली. “आत्ता तर ठेवला होता!”

लेकीने धावत जाऊन बटण बंद केलं, वायर ओढून काढली, खिडकी उघडली. तोवर छताला लावलेल्या छोट्याशा लाल दिव्याने डोळा उघडला होता. पुढच्या क्षणी सगळं हॉटेल एका सुरात किंचाळायला लागलं. दारं आपटली, पावलं धावली, आणि भिंतीतून एक अतिशय गोड आवाज सांगू लागला की कृपया घाबरू नका आणि जिन्याने ताबडतोब बागेत जमा.

“खाली जाऊन मॅनेजरला सांगू खरं काय ते,” लेक म्हणाली. “चल. अगं, ती कशाला घेतेस?”

आईने इस्त्री, तिला चिकटलेल्या पावासकट, टॉवेलात गुंडाळली होती. “यांची आहे.”

“तापलेली आहे ती!”

“म्हणून तर टॉवेलात घेतली. बाकी काय जळायचं ते जळू दे.” आणि तिने बाबांचा कोट अंगावर चढवला, गाठोडं छातीशी धरलं आणि लेकीच्या आधी जिना उतरायला लागली.

खाली बागेत मॅनेजर भोंगा तोंडाशी धरून उभा होता. झोपेच्या कपड्यांवर टाय बांधायला तो विसरला नव्हता. “आगीचा बंब निघालेला आहे!” तो ओरडत होता. “आणि खोलीत कुणी सिगारेट ओढली असेल तर त्याची गय केली जाणार नाही!”

लेकीने सांगायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आपण काही सिगारेट ओढलेली नाही, तेव्हा हे आपल्याला उद्देशून नसावं, अशी तिने मनाची समजूत घातली. जरा शांत झालं की सांगू.

तसं पाहिलं तर शांतच होतं सगळं. हॉटेलने खोल्याखोल्यांतून पांढरे झगे ठेवले होते आणि बहुतेक मंडळी तेच घालून खाली आली होती. गुडघ्याखाली धुकं होतं. माणसं चालत आहेत की नुसतीच सरकत आहेत, कळत नव्हतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मेल्यावर माणसं थोडा वेळ जिथे थांबत असतील ती जागा अशीच असेल, असं लेकीला वाटलं. तिने तिथल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग स्वतःशीच ओशाळून ती आईजवळ जाऊन उभी राहिली.

“अगं बाई! तान्हं आहे का?”

केसांना गुंडाळ्या लावलेल्या एक आजीबाई झग्यातून आईच्या छातीशी वाकून बघत होत्या. मॅनेजर हाकेच्या अंतरावर होता. आईने लेकीकडे पाहिलं, लेकीने मॅनेजरकडे पाहिलं.

“झोपलंय,” आई हळूच म्हणाली.

“अहो, खुर्ची द्या कुणीतरी! यांच्याजवळ बाळ आहे!”

खुर्ची आली. धुक्यातून झगे जवळ सरकले. आई बसली. “नातू की नात?” गुंडाळ्यावाल्या आजीबाईंनी विचारलं.

आईला याहून जास्त खोटं बोलता येत नसे. “हिला विचारा,” म्हणून तिने ते लेकीवर सोपवलं.

“नात,” लेक म्हणाली. एका शब्दात ती आई झाली होती.

“गोड गं. जड दिसतेय पण.”

“जड आहे,” आई म्हणाली. आता एकदाचं खरं बोलायला मिळाल्याने तिला बरं वाटलं. “आजोबांची फार लाडकी. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.”

“आई,” लेक दातांतल्या दातांत पुटपुटली.

“मग? खोटं आहे का?”

आजीबाईंनी मायेने गाठोड्यावरून हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. “अगं बाई गं! केवढा ताप! डॉक्टर! कुणी डॉक्टर आहे का?”

गर्दीतून एक टक्कल पडलेले गृहस्थ अनिच्छेने पुढे ढकलले गेले. “मी दातांचा आहे हो.”

“असू द्या, डॉक्टर तर आहात!”

“दात आलेत का तिला?” त्यांनी आपल्या परीने सुरुवात केली.

“नाही,” आई म्हणाली. “अगदी गुळगुळीत आहे.”

“तोंडावरचं काढा आधी. गुदमरेल अशाने.”

“नको, वारं लागेल.”

“अहो, तापलेल्या मुलाला कोंडून काय ठेवता? बघू.” दातांचे डॉक्टर वाकले, थबकले आणि त्यांनी नाक वर करून हुंगलं. “काही जळतंय का?”

टॉवेलाच्या घडीतून एक बारीकशी निळसर रेघ निघाली आणि आळस दिल्यासारखी वळत धुक्यात मिसळली. क्षणभर सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

“बाळातून धूर येतोय!” आजीबाई किंचाळल्या.

मॅनेजरने भोंगा फेकला, फुलझाडांजवळची पाण्याची झारी उचलली आणि कुणी अडवायच्या आत गाठोड्यावर रिकामी केली. आईने ते कसंबसं गुडघ्यावर पुढे ढकलून धरलं म्हणून तिला भाजलं नाही. चर्रर्र करून असा वाफेचा लोट उठला की जवळची माणसं धुक्यातही दिसेनाशी झाली. तो विरला तेव्हा टॉवेल उघडा पडला होता. आईच्या मांडीवर दुकानातली इस्त्री उताणी पडली होती, तिच्या बुडाला काळाकुट्ट पाव चिकटला होता, आणि पावाच्या कडेने चीज अजून ओघळत होतं.

“हे... हे काय आहे?” मॅनेजरने विचारलं.

“नाश्ता,” आई म्हणाली.

मग लेकीने पुढे होऊन सगळं सांगितलं. झोप, वास, खिडकी, सगळं. तिचा आवाज एकदाच जरासा अडखळला, तो बाबांच्या उल्लेखाशी. पण ते फक्त आईला कळलं. तेवढ्यात बंब आला, माणसं वर जाऊन खाली आली आणि टॉवेलाशिवाय काही बिघडलेलं नाही असं सांगून गेली. गुंडाळ्यावाल्या आजीबाई तेवढ्या नाराज दिसल्या. “मी टोपडं विणून द्यायचं मनात धरलं होतं,” असं त्या दातांच्या डॉक्टरांना सांगत होत्या.

“पण मला एक कळत नाही,” मॅनेजर रडवेला होऊन म्हणाला. “खोलीत पाव भाजायचं कारण काय? तुमचा नाश्ता तर भरलेला आहे! दोघींचा! चारही दिवसांचा!”

आगीच्या बातमीने आई हलली नव्हती. या बातमीने हलली. तिने सावकाश मान वळवली.

“भरलेला?”

“मी सांगणारच होते,” लेक म्हणाली. “जिन्यात.”

“किती?”

लेकीने आकडा निम्मा करून सांगितला. निम्माही पुरेसा होता.

“एवढ्यात अख्खा कोट शिवून होतो,” आई म्हणाली.

“बाह्यांसकट?”

आईच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. पण तिने तो लगेच जागेवर आणला. “आणि परत मिळणार नाहीत ना?” तिने मॅनेजरला विचारलं.

“नाही.”

“मग उभी काय राहिलीस?” आई उठत लेकीला म्हणाली. “चल.”

सगळं हॉटेल जागंच होतं, म्हणून जेवणघर लवकर उघडलं. टेबलांवर पांढरी कापडं, खुर्च्यांवर पांढरे झगे, आणि काचांबाहेर पांढरं धुकं. आत-बाहेर यांतला फरक फक्त चहाच्या वाफेवरून कळत होता. आईने इस्त्रीला एक वेगळी खुर्ची दिली. मग ती बसली. कोटाच्या बाह्या दुमडून तिने आधी एक अंडं घेतलं, मग पाव, मग फळं, मग उठून जाऊन पुन्हा अंडी. हळूहळू, पूर्ण चावून, मधे कुणासाठी न उठता. लेक तिच्याकडे बघत नव्हती; म्हणजे समोरच्या चमच्यात उमटलेल्या तिच्या उलट्या प्रतिबिंबाकडे बघत होती. आपण काही बोललो तर हे थांबेल, अशी तिला पहाटेसारखीच धास्ती वाटत होती.

“तुला इस्त्रीचाच आवडतो ना पण,” आई मधेच म्हणाली. “म्हणून घेतलं होतं सगळं.”

“मला? मला कधीच नाही आवडला. दुकानाची चव यायची त्याला. मला वाटायचं तुला आवडतो.”

“मला?” आईचा हात थांबला. “मी तुझ्याकडे बघून गिळायची.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“मग बाबा भाजायचे कुणासाठी?” लेकीने विचारलं. “स्वतः तर एक घास खायचे नाहीत.”

आईने चहाचा एक घोट घेतला, तो तोंडात जरा फिरवला आणि गिळला. “पांचट आहे,” ती म्हणाली. “पावही कालचा. अंडी बरी आहेत, मीठ कमी. अगदी बरोबर सांगायचा हो माणूस.”

लेक हसली. हसता हसता तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि हसू तोंडावरच राहिलं. एवढी वर्षं तिच्यापुढेच पडलेली गोष्ट होती ती. “आई, चहा पांचट आहे हे नुसतं बघून कसं कळायचं बाबांना? आणि अंड्यातलं मीठ?”

“बघून कशाला कळेल?” आईने बशीतला पावाचा चुरा बोटाने गोळा केला. “खाऊन यायचे.”

“काय?”

“मिशीला लागलेलं असायचं पिवळं. कोट काढून घ्यायच्या निमित्ताने मी पुसायची.”

“आणि तू कधी काही बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? तिघांचं परवडत नव्हतं, एकाचं परवडायचं. वर्षभर दुसऱ्यांचे कोट शिवायचे. स्वतःचा घालून बसायला त्यांना दुसरी जागा कुठली होती?” आई थांबली. “एकटे खाऊन आले की मग चैन पडायचं नाही. वर येऊन लोणी बघ किती लावायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत, पण लोणी मात्र एवढं एवढं.” तिने बोटांनी जाडी दाखवली. ती मोठीच होती.

लेकीने खुर्चीवरच्या इस्त्रीकडे पाहिलं. मान वाकवून तिच्यावर टेकलेले बाबा, कान देऊन आवाज ऐकणारे, पाठमोरे. पाठमोरे का, हे आता कळत होतं. लबाड, तिने मनात म्हटलं. तिला इतकं हसू यायला लागलं की डोळे पुसायला टेबलावरचा कागदी रुमाल घ्यावा लागला, आणि बराच वेळ तो डोळ्यांवरून काढता आला नाही. आईने तिकडे बघितलं नाही. तिने नुसते पाण्याचे पेले सरकवून लोण्याची वाटी लेकीपुढे ठेवली.

धुकं जरासं विरळ झालं होतं. मॅनेजर टेबलांवरून फिरत होता. पाहुण्यांना विचारायचं म्हणून विचारायचं, अशी त्याची रोजची रीत असावी. त्यांच्या टेबलाशी येऊन तो आधी इस्त्रीकडे बघून बिचकला आणि मग म्हणाला, “कसा वाटला नाश्ता? पैसे वसूल झाले ना?”

आई उठून उभी राहिली. दुमडलेल्या बाह्या तिने सोडल्या, राखाडी कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत एकेक करून लावली. काजं तिनेच केलेली होती. मग तिने त्या जेवणघरावरून एकदा नजर फिरवली.

“काही अर्थ नाही,” ती म्हणाली. “उद्या सुधारतोय का बघायला येईन.”